उसन्या चेहऱ्याची चांदी

विरार सुटलं की डहाणू लोकलला पहिली वैतरणा आडवी येते आणि मग वाणगाव-डहाणूपर्यंत एखादी नदी, एखादी खाडी, एखादा पाणथळ मिठागराचा पट्टा येतच राहतो. लोकल डहाणूपर्यंत २०१३ साली आली. रेल्वेचे पूल त्याच्या कितीतरी आधीचे. पण या किनाऱ्यानं उत्तरेकडे जाणारी वाट दोन्हींपेक्षा फार जुनी आहे, आणि पूल नव्हते तेव्हा या नद्यांवरच्या होड्यांचा खर्च कोण करत होतं, हे नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून ठेवलेलं आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं ज्या नद्यांवर फुकट तरीची सोय केली त्यांची नावं दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहेत: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. पारदा म्हणजे पारडीजवळची पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका ही डहाणूची नदी. त्याच लेखात नानंगोल गावातल्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचं दान आहे. ते गाव म्हणजे संजाणजवळचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. शेजारच्या लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा नाण्यांचा भावही दिला आहे.

तो भाव वाचला तेव्हापासून डहाणू-तलासरीचा पट्टा नाण्यांच्या अंगानं बघायचं डोक्यात होतं. या किनाऱ्यावर जी चांदी चालली तिच्यावरचा चेहरा बहुतेक वेळा इथल्या राजाचा नव्हता. कधी त्याची घडण ग्रीक, कधी इराणी. राज्यं आली, गेली. उसना चेहरा मात्र शतकानुशतकं तसाच राहिला. असं का व्हावं, हा प्रश्न घेऊन मी वाणगावला उतरले.

सुरुवात उषवदाताच्या सासऱ्यापासूनच करावी लागते. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत लिहिलंय ते मात्र प्राकृतच. अपरांतातल्या, म्हणजे उत्तर कोकणातल्या, कोणत्या व्यापाऱ्याला ग्रीक वाचता येत होतं? पण वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हा समुद्रप्रवासाचा ग्रंथ लिहिणारा ग्रीक व्यापारी सांगतो, की भडोचला अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या राजांचे द्रम्म, ग्रीक अक्षरांसकट, अजून चालतात. राजे जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, पण त्यांच्या चांदीवर बाजाराचा विश्वास होता. नवं नाणं त्या पंक्तीत बसवायचं तर ते दिसायलाही तसंच हवं. नहपानानंतरच्या क्षत्रपांनी ग्रीक अक्षरं ठेवली, पण त्यांना अर्थ उरला नाही. चौथ्या शतकाच्या शेवटापर्यंत नुसत्या रेघा आणि वाटोळी राजाच्या डोक्याभोवती फिरत राहिली.

नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनंही तेच ओळखलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला आहे. शत्रूची नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी त्यानं शत्रूच्याच चेहऱ्यावर स्वतःची खूण उमटवली. रणात हरवलेला राजा बाजारात चालू ठेवण्यात शहाणपण होतं. पाचव्या शतकात गुप्तांनी गुजरात घेतला आणि क्षत्रपांच्या नाण्यावर गरुड बसवला. याच टापूत राज्य करणाऱ्या त्रैकूटकांनी क्षत्रपांच्या नाण्यामागचं डोंगराचं चिन्ह तसंच ठेवून आपलं नाव घातलं. त्यांच्या दह्रसेन राजाचा ४५६ सालचा ताम्रपट पारडीला मिळाला आहे. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजानं नंदी आणला. त्याच्या रूपकांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा, दबदबा असा, की तो गेल्यावर जवळपास दीडशे वर्षांनी, ७१० सालच्या अंजनेरी ताम्रपटात देणग्यांचा हिशेब ‘कृष्णराज रूपकां’तच मांडलेला आहे.

वाणगावहून चिंचणी रिक्षानं फार लांब नाही. सुरूची बनं, भरती-ओहोटीचा रुंद किनारा, शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्या. बाहेरच्या माणसाला चिंचणी एवढीच माहीत असते. इतिहासाच्या अभ्यासकांना ती ताम्रपटांमुळे माहीत आहे. १९५५ साली इथल्या जमिनीत राष्ट्रकूट आणि शिलाहार काळातल्या पाच दानपत्रांचे पत्रे मिळाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. त्यातलं सर्वांत जुनं दानपत्र शके ८४८ चं, म्हणजे ९२६ सालचं, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातलं. त्या वेळी संयान मंडळाचा, म्हणजे संजाणच्या मुलखाचा कारभारी होता एक ताजिक, अरब. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती येतं. मुहम्मदचं ते संस्कृत रूप. सुगतिप हे त्याचं दुसरं नाव. दुसऱ्या कृष्णानं हा मुलूख त्याच्या हाती दिला होता. त्याच्या पुण्यकर्मांची यादी वाचताना उषवदाताची आठवण न झाली तरच नवल: दोन प्रवाहांवर फुकट तरी आणि संजाणला अन्नछत्र, तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप. मधे आठशे वर्षं गेली, कारभारी शकांच्या जावयाऐवजी अरब झाला, तरी उतारूंची सोय करण्याची रीत तीच राहिली.

दुसरं दानपत्र १०३४ सालचं. तेव्हा संजाणला चामुंडराज नावाचा मांडलिक होता आणि त्याचा धनी उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज. चामुंडराजानं इथल्या मठिकेला तेलाचा एक घाणा दिला. भगवतीच्या देवळात दिवा जळावा आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल लावता यावं, यासाठी. एवढ्या छोट्या व्यवहाराला तांब्याचा पत्रा खर्ची घालणारं संजाण तेव्हा चांगलंच गजबजलेलं असणार.

या गजबजाटातली चांदी म्हणजे गधैया. सराफाला आणि नाणी जमवणाऱ्याला हे नाव ठाऊक असतं. विक्रमादित्याच्या बापाच्या गाढवरूपाच्या दंतकथेशी लोकांनी ते जोडलं आहे. नाणं अंगठ्याच्या नखापेक्षा फारसं मोठं नाही, पण जाड आणि वजनदार, चार ग्रॅमच्या आसपास. भिंगाखाली धरलं तर पहिल्या नजरेत काहीच कळत नाही. ठिपके, अर्धवर्तुळं, दोन-तीन तिरक्या रेघा. थोडा वेळ नजर बसली की उजवीकडे पाहणारा माणूस सापडतो. एक टपोरा ठिपका म्हणजे डोळा, पुढे आलेली रेघ म्हणजे नाक, दोन बारीक ठिपके म्हणजे ओठ, मागचा गोल म्हणजे कान किंवा केसांचा झुबका. डोक्यावर मुकुटाच्या जागी ठिपक्यांची ओळ. नाणं उलटं केलं की मधे आडव्या रेघांचा एक चबुतरा, त्यावर ठिपक्यांचा त्रिकोण, दोन्ही बाजूंना काड्या, वर चंद्र आणि सूर्य.

हे कोणाचं चित्र आहे, हे १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेपनं जुळवून दाखवलं. तो चेहरा इराणच्या सासानी राजाचा, आणि चबुतरा म्हणजे अग्निवेदी. ठिपक्यांचा त्रिकोण म्हणजे ज्वाला आणि काड्या म्हणजे वेदीशेजारी उभे असलेले दोन सेवक. मूळ नाणं बहुतेक पेरोझचं, ज्यानं ४५९ ते ४८४ या काळात इराणवर राज्य केलं. इराणच्या पूर्वेकडच्या श्वेत हूणांशी लढताना तो पकडला गेला. सुटकेची खंडणी म्हणून त्याला खेचरांवर लादून चांदीची नाणी द्यावी लागली, पूर्ण रक्कम जमेना म्हणून मुलगा कवाद ओलीस ठेवावा लागला. शेवटी ४८४ मध्ये हूणांशी लढतानाच तो मारला गेला. हरलेल्या राजाची ही चांदी हूणांच्या हातून वायव्य भारतात आली, आणि तिथून राजस्थान, माळवा, गुजरात, कोकण. खऱ्या नाण्यांचा पुरवठा आटला तसे इथल्या टांकसाळींत त्याचेच द्रम्म पाडले जाऊ लागले. त्यांच्याही प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि हा सिलसिला साधारण बाराव्या शतकापर्यंत चालला. ज्या राजाला हूणांपुढे टिकाव धरता आला नाही, त्याचं तोंड पश्चिम भारतात सहाशे वर्षं चाललं.

प्रतीची प्रत करताना चेहऱ्याचं असं का होतं, याचं उत्तर चिंचणीतच मिळालं. ताम्रपटांच्या या गावात आज दागिन्यांच्या डाय बनतात. सोन्या-चांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवायला लागणारे पोलादी साचे कोरण्याचा हा धंदा चिंचणी आणि आसपासच्या गावांत घरोघरी चालतो, आणि इथल्या डायवर उठलेला माल मुंबईच्या बाजारात जातो. एका घराच्या पडवीत खिडकीच्या उजेडात एक कारागीर बोटभर पोलादी ठोकळ्यावर वाकून बसले होते. ठोकळा चिमट्यात घट्ट, हातात छोटी हातोडी आणि टोकदार छिन्नी. ठोका इतका हलका की घड्याळाची टिकटिक वाटावी. प्रत्येक ठोक्याला पोलादाचा केसाएवढा तुकडा उडत होता. पानाची शीर उलटी कोरायची, म्हणजे पत्र्यावर ती सुलटी उठते. जे खोल कोरलं ते पत्र्यावर वर येतं. कोरून झालं की डाय भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायची, म्हणजे पोलाद कडक होतं. आता संगणकावर चालणारी यंत्रं आली आहेत, तरी बारीक हातकामाला अजून गिऱ्हाईक आहे.

मोबाइलवर मी त्यांना पेरोझचं मूळ नाणं आणि एक गधैया दाखवला. दुसरं पहिल्यावरून बनलंय, हे ऐकून ते हसले नाहीत. फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले.

“ताई, हे एका हाताचं काम नाही,” ते म्हणाले. “आमच्याकडे व्यापारी नमुना आणतो, तो चित्र आणत नाही, दागिनाच आणतो. दागिना वापरून घासलेला असतो. घासलेल्या जागी काय होतं ते आपण अंदाजानं भरतो. माझी डाय झिजली की दुसरा तिच्यावरून करतो, तो त्याच्या अंदाजानं भरतो. बारीक रेघ आधी जाते. ठिपका राहतो, कारण ठिपका एका ठोक्यात बसतो.”

मग मूळ चेहरा काय आहे हे कारागिराला कळत नसेल का, असं विचारल्यावर त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. “कळायची गरजच काय? गिऱ्हाईक म्हणतं, असंच पाहिजे. जास्त चांगलं करून दिलं तर म्हणेल, हे ते नाही.”

गधैयावर लिहिलेल्या ग्रंथांत ठशांच्या क्रमवार तक्त्यांची पानंच्या पानं आहेत. के. के. माहेश्वरी यांचं २०१० मधलं ‘इमिटेशन्स इन कंटिन्युइटी’ हे त्यातलं मोठं काम. पण चेहरा सुधारला का गेला नाही, हे या दोन वाक्यांत जसं उमगलं तसं त्या तक्त्यांत नाही उमगलं. अडाणीपणामुळे चित्र बिघडलं असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्याच काळात याच मुलखात कसबी पाथरवट होते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. ज्यांच्या पदरी दगडात असे चेहरे कोरणारे हात होते, त्यांना नाण्यावर नाक-डोळे धड काढता येत नव्हते, हे पटत नाही. चांगला चेहरा काढला असता तर बाजारानं विचारलं असतं, हे कोणाचं नाणं? ओळखीचा ओबडधोबडपणा हीच त्याची हमी होती.

हे फक्त कोकणातच घडलं असं नाही. बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल आणि त्याचा भाऊ आठवा कॉन्स्टंटाइन यांची मिलियारेसियन ही चांदीची नाणी रशियातल्या नद्यांच्या वाटेनं बाल्टिक समुद्राकडे जात. एका बाजूला क्रूस आणि त्याच्या दोहोंकडे दोघा भावांचे अर्धपुतळे, दुसऱ्या बाजूला ग्रीक मजकुराच्या ओळी. उत्तरेकडच्या कारागिरांनी त्यांच्या नकला पाडल्या, तेव्हा मजकुराच्या ओळींच्या जागी उभ्या काड्यांच्या रांगा आल्या. क्षत्रपांच्या ग्रीक अक्षरांचं झालं तेच. तिकडे चांदी तोलून घेत, तुकडे करून घेत, सुरीच्या टोकानं टोचून कस बघत. तरीही नाण्याला ओळखीचं रूप लागायचंच. १०४७ मध्ये डेन्मार्कच्या गादीवर आलेल्या स्वेन एस्ट्रिडसेननं ल्युंडच्या टांकसाळीत बायझंटाइन नाण्यांवरून ठसे काढले. त्यातल्या एकावर सम्राट आणि देवदूत यांच्या मधे ध्वजाची काठी आहे. ल्युंड आज स्वीडनमध्ये आहे. चामुंडराजाचा घाणा आणि स्वेनचा देवदूत यांच्यात जेमतेम एका पिढीचं अंतर.

दोन्हीकडे खोटेपणाचा हेतू नव्हता. खोटं नाणं करणारा आतलं तांबं लपवतो. इथे चांदी बऱ्यापैकी खरी होती आणि वजनही ठरलेलं होतं. नकला होत्या त्या फक्त तोंडाच्या. पुढेपुढे गधैयातही भेसळ वाढली, चांदी उतरत गेली, पण ती सगळ्या मुलखात सावकाश, बाजाराच्या देखत. ८५१ च्या सुमारास लिहिलेला एक अरबी प्रवासवृत्तांत बल्हाराच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या राज्यात तातरी दिरहम चालतात आणि एकेकाचं वजन दीड दिरहम असतं, असं सांगतो. अरबी दिरहम तीन ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे हे नाणं चार ग्रॅमच्या थोडं वर. ते सासानी वळणाचेच द्रम्म असावेत असं काही अभ्यासकांचं मत आहे. कान्हेरीच्या लेण्यात त्याच सुमाराच्या, शके ७७५ च्या लेखात गौड देशाहून आलेला अविघ्नाकर भिक्षूंसाठी शंभर द्रम्म ठेवून जातो. बंगालचा बौद्ध, संजाणचा अरब, राजस्थानातल्या भिल्लमालचा व्यापारी, सगळ्यांना एकमेकांचा राजा मान्य असायची गरज नव्हती. द्रम्म मान्य असला की पुरे.

मग राजाला स्वतःचं नाव कधी घालता येतं? छित्तराजानं ते केलं. गधैयाचा चेहरा तसाच ठेवून नागरी अक्षरांत त्याचं नाव घातलेली नाणी मिळाली आहेत. पुढच्या शतकात अजमेरची चाहमान राणी सोमलदेवी हिनंही तसंच केलं. कोकणचा हा राजा स्वतःला मोठमोठी बिरुदं लावून घेत होता. त्याच्या १०२६ च्या भांडुप ताम्रपटात ती सगळी आहेत. ताम्रपट म्हणजे राजाचा हुकूम, तिथे पाहिजे ते लिहावं. नाणं घ्यायचं की नाही हे मात्र समोरचा ठरवतो. तिथे त्याला पेरोझच्या ओबडधोबड नाकाशेजारी जागा मागून बसावं लागलं.

डहाणूहून बोर्डीचा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो. नरपड, चिखले, घोलवड, आणि दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाड्यांत बरेच मालक इराणी, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून इकडे आलेले झरतुष्ट्री. त्यांच्याही कितीतरी आधी आलेले ते पारशी. १५९९-१६०० मध्ये बहमन कैकोबादनं लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये त्यांच्या येण्याची कथा आहे: इराण सोडून आलेल्या मंडळींना इथल्या जादी राणानं आसरा दिला आणि त्यांनी संजाणला इराणशाह हा पवित्र अग्नी स्थापला.

ही कथा ठाऊक असली की बहरोटचा डोंगर नुसता डोंगर राहत नाही. बोर्डीहून आत वळलं की अस्वालीच्या बाजूनं चढ सुरू होतो. पायथ्याला वारली पाडे, भाताची खाचरं, मग साग, आणि वर उघडा कातळ. माथ्याजवळ खडकात कोरलेली दालनं आहेत. सुलतानाच्या फौजेनं संजाण लुटलं तेव्हा पारशांनी इराणशाह या डोंगरात आणून बारा वर्षं जपला, असं परंपरा सांगते. पुढे तो अग्नी वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला पोचला आणि आजही तिथंच तेवतो. माथ्यावरून एकीकडे समुद्र दिसतो, दुसरीकडे तलासरीचे डोंगर. इथं बसल्यावर गधैयाची उलटी बाजू वेगळी दिसू लागते. तो रेघांचा चबुतरा आणि ठिपक्यांचा त्रिकोण म्हणजे या लोकांच्याच धर्मातली अग्निवेदी. इराणमध्ये सासानी राज्य ६५१ मध्ये संपलं. तिथून निघालेली माणसं ज्या किनाऱ्याला लागली, तिथल्या बाजारात त्यांच्या बुडालेल्या राज्याची वेदी रोजच्या देवघेवीत हातोहात फिरत होती, इतकी झिजलेली की पाडणाऱ्यालाही ती वेदी आहे हे माहीत नसावं. इराणशाहसमोर हात जोडून बाहेर पडलेल्या पारशानं तांदूळ घेतले असतील ते याच चांदीवर.

संजाण आज गुजरातेत, उंबरगाव तालुक्यात. १९६० पर्यंत उंबरगाव ठाणे जिल्ह्यातलाच तालुका होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्याचे दोन भाग झाले आणि इकडे उरलेल्या भागाचं तलासरी झालं. म्हणून संयान मंडळाचे ताम्रपट महाराष्ट्रात आणि संयान गुजरातेत, अशी आजची वाटणी आहे. स्टेशनपासून पुढे पारशांनी १९२० साली उभारलेला संजाण स्तंभ आहे, आणि वारोली नदीकाठी जुन्या बंदराची जागा. २००२ ते २००४ या काळात तिथं उत्खनन झालं. आठव्या ते तेराव्या शतकातली वस्ती, पश्चिम आशियातली निळसर झिलईची भांडी, चिनी मातीचे तुकडे, काच, आणि पारशी जिथे मृतदेह ठेवत ती एक जुनी दोखमाही हाती लागली. नदी आता गाळानं भरलेली, बंदर म्हणावं असं काही नाही. पण कापल्या गेलेल्या काठात खापरांचे थर दिसतात, आणि इतक्या निरनिराळ्या मुलखांचा माल एका घाटावर उतरत असेल तर सर्वांना पटणारं एक नाणं किती निकडीचं होतं, हे त्या थरांवरून समजतं.

कोणाला शेतात अशी जुनी नाणी सापडली तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. वितळवलेल्या नाण्याची चांदी कवडीमोलाची असते आणि इतिहास कायमचा जातो. नुसतं पाहायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं आणि रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाचं दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. कृष्णराज रूपकांचा हिशेब मांडणारा ताम्रपट याच अंजनेरीचा.

परतीच्या वाटेवर तलासरीला थांबले. महामार्गालगतचा बाजार, आठवड्याची खरेदी करायला आलेल्या वारली बायका, भाजी, सुकी मासळी, प्लास्टिकच्या बादल्या, आणि मधे सराफांची दुकानं. एका दुकानात शेठनं काचेखालची पुतळ्यांची माळ काढून दाखवली. सोन्याच्या पातळ चकत्या, प्रत्येकीवर दोन उभ्या आकृती आणि मधे एक काठी. “राम-सीता,” शेठ म्हणाले. घरोघरी हेच सांगतात. मुळात ही व्हेनिसची डुकात. १२८४ साली सुरू झालेलं साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं, १७९७ पर्यंत जवळजवळ न बदलता चाललं. चित्रात संत मार्क व्हेनिसच्या प्रमुखाच्या हाती ध्वज देतो आहे. व्हेनिसनं ही मांडणी बायझंटाइन नाण्यांवरून उचलली होती, जिच्यात सम्राट आणि संत एकच काठी धरून उभे असतात. स्वेन राजाच्या ल्युंडमधल्या नाण्यावर आलेली काठी आणि मराठी बायकांच्या गळ्यातली काठी एकाच घरातून निघाली. एक उत्तरेकडे गेली, दुसरी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांसोबत इकडे आली आणि इथल्या साच्यांत राम-सीता झाली.

“पुतळीला गिऱ्हाईक कमी,” शेठ सांगत होते. “इथं चांदी चालते. आणि चांदीत राणीछाप.” त्यांनी दोन रुपये तराजूत टाकले. एक खरा, व्हिक्टोरियाचा, घासून गुळगुळीत झालेला. दुसरा नवाकोरा, साच्यातून काढलेला. त्यावर तीच राणी, जराशी जाड नाकाची. धनत्रयोदशीला आणि लग्नसराईत हा नवा खपतो. मी म्हटलं, लक्ष्मी किंवा गणपतीचा शिक्का का नाही? “तोही ठेवतो. पण म्हातारी माणसं राणीच मागतात. त्यांच्या लहानपणी राणीछाप म्हणजे शंभर नंबरी. आम्ही चांदी कितीही चोख दिली तरी राणी बघितल्याशिवाय त्यांचं मन भरत नाही.”

राणीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, शेठनं आपल्या दुकानाचं नाव घालून घेतलं होतं. पुढच्या बाजूला घालायची त्यांची हिंमत झालेली नव्हती. छित्तराजाकडे सैन्य होतं, शेठकडे दुकान आहे. बाजारानं दोघांनाही एकच अट घातली. चेहरा ओळखीचा ठेवा, नाव घालायचं तर त्याच्या आडोशानं घाला. राजाचा हुकूम एका दिवसात निघतो, पण त्याच्या नावावर कोणी तांदूळ मोजून द्यायला पिढ्या जाव्या लागतात. डहाणू-संजाणच्या चांदीवर सहाशे वर्षं टिकलेलं ते परकं नाक एवढंच सांगतं.